जाहिरातीतला खंगलेला सरडा किंवा साप घरी आणताना

जाहिरातीतला फोटो आधी मोठा करून पाहा. डोळे खोल गेले असतील तर शरीरात पाणी कमी पडलं आहे. लेपर्ड गेको या ठिपकेदार सरड्याची शेपटी मानेपेक्षा बारीक दिसली तर तिच्यातला चरबीचा साठा संपत आलेला असतो. बियर्डेड ड्रॅगन या सरड्याचे पाय वाकडे, जबडा सुजल्यासारखा आणि बोटं थरथरणारी असतील तर हाडं मऊ पडली आहेत. यूव्हीबी प्रकाश (उन्हात असणारे अतिनील किरण) आणि कॅल्शियम न मिळाल्यानं हे होतं. वाकलेलं हाड सहसा सरळ होत नाही, पण आजार तिथंच रोखता येतो. साप तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तोंडाशी फेस असेल, तर घरी नेण्याआधी थेट सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे न्या.

पैशांचा निर्णय इथेच घ्या. विक्रेता सतत प्राणी विकत असेल तर त्याच्याकडून विकत घेऊ नका. तुमच्या पैशांतून त्याच टाकीत पुढचा प्राणी येतो. जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा आणि प्राणिक्रूरतेच्या तक्रारी घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या. कंटाळलेल्या घरगुती मालकाशी मात्र बोलण्यात अर्थ आहे. तो पुष्कळदा प्राणी तसाच सोपवायला तयार होतो. त्याला दोष देऊ नका, नाहीतर बोलणं तिथंच संपेल. शेवटचं कधी खाल्लं, विष्ठा कधी केली, दिवा कोणता आणि किती जुना, तापमान कशानं मोजता, एवढं विचारा. ती जात पाळणं तुमच्याकडे कायदेशीर आहे का, हे होकार देण्यापूर्वी तपासा.

प्राणी ठेवायची काचेची टाकी आणण्याच्या आदल्या दिवशीच चालू करून ठेवा. बियर्डेड ड्रॅगनला ऊन शेकायची जागा ३८ ते ४२ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २४ ते २८ लागते. लेपर्ड गेकोला उबदार फरशी ३१ ते ३३, बॉल पायथन या सापाला उबदार टोक ३१ ते ३३ आणि थंड टोक २५ ते २७. उष्णतेचं प्रत्येक साधन थर्मोस्टॅटवरच (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या यंत्रावर) लावा. तापणारे दगड वापरू नका, पोट भाजतं. काचेवर चिकटवायची पट्टी काचेचंच तापमान सांगते, म्हणून तारेचा सेन्सर जमिनीवर ठेवा. यूव्हीबी काचेतून जात नाही आणि जाळीतूनही बरीच अडते. यूव्हीबीची ट्यूब दिसायला पेटत असली तरी वर्षाच्या आत बदलावी लागते. तळाला फक्त कागदी टॉवेल अंथरा. वाळू नको, भुकेला प्राणी ती गिळतो.

आणताना सरडा हवेची भोकं पाडलेल्या डब्यात, साप तोंड बांधलेल्या कापडी पिशवीत घालून डब्यात ठेवा. वाटेत खाऊ घालू नका.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती गोष्ट: क्रम. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. थंड शरीरात अन्न पचत नाही, आतड्यात कुजतं. शिवाय दीर्घ उपासमारीनंतर एकदम पोटभर मिळालं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्यानं घसरतं आणि प्राणी खाल्ल्यावर मरतो. वाचवण्याच्या घाईत हेच घडतं. म्हणून पहिले दोन-तीन दिवस ऊब आणि पाणीच. सरड्याला २८ ते ३० अंशांच्या पाण्यात कोपरापर्यंतच बुडेल असं १५ मिनिटं बसवा. डोकं वर धरू न शकणाऱ्याला एकटं सोडू नका. त्यानंतर नेहमीच्या खुराकाचा छोटा हिस्सा द्या आणि विष्ठा होऊ द्या, मगच वाढवा. सापाला पाच-सात दिवस हातही लावू नका. पहिलं भक्ष्य नेहमीपेक्षा लहान द्या. अगदी हाडं उरलेल्याचा आहार पशुवैद्यानंच ठरवावा. हाडं मऊ असतील तर प्राण्याला खालून पूर्ण आधार देऊनच उचला, पकडीनंही हाड मोडतं.

अडकलेली कात ओढू नका. ओल्या कागदाच्या बंद डब्यात उबेला अर्धा तास ठेवा, मग ओल्या कापसाच्या काडीनं हलकेच सरकवा. बोटांवरची आधी काढा, कारण तिथं ती आवळून रक्त थांबवते आणि बोट गळतं. सापाच्या डोळ्यावर अडकलेली कातीची झापड पशुवैद्यासाठी सोडा.

विलगीकरण ९० दिवस, वेगळ्या खोलीत. भांडी आणि चिमटे वेगळे, आणि या प्राण्याचं काम दिवसाच्या शेवटी. ताजी विष्ठा जंत तपासायला द्या. सापाच्या पाण्यात काळे ठिपके दिसले तर ते माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, असू शकतात. साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू निरोगी दिसणाऱ्या प्राण्यातही असतो, म्हणून टाकीचं सामान स्वयंपाकघरात धुऊ नका आणि प्रत्येक वेळी साबणानं हात धुवा.

दर आठवड्याला एकाच दिवशी, शक्यतो खाण्याआधी, ग्रॅमच्या काट्यावर वजन करून तारखेसह लिहा. सलग दोन आठवडे घसरलं तर पुन्हा पशुवैद्य. पुढे नवं घर शोधताना हीच वही, तापमानाच्या नोंदी आणि औषधांची यादी प्राण्यासोबत द्या. कोणतीही अडचण आली तरी त्याला बाहेर रानात सोडू नका.