बाद फेरीचा सामना आणि नाटक एकाच आठवड्यात साधण्यासाठी

ठाण्यात राहून नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरील बाद फेरीचा सामना आणि गडकरी रंगायतनमधील प्रयोग एकाच आठवड्यात पाहायचा असेल, तर आधी सामन्याचा राखीव दिवस, म्हणजे पावसाने खेळ अपुरा राहिल्यास तो पूर्ण करण्यासाठी ठेवलेला दिवस, तपासावा आणि त्या संध्याकाळचे नाटकाचे तिकीट काढूच नये. २ नोव्हेंबर २०२५ रोजी याच मैदानावर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा, पाच वाजता सुरू झाला आणि भारताने तो ५२ धावांनी जिंकेपर्यंत जवळपास मध्यरात्र झाली; अशा विजयानंतर, अर्थातच, कोणाचाही पाय लवकर निघत नाही. म्हणून ट्रान्स-हार्बर मार्गावरची ठाण्याकडे येणारी शेवटची लोकल कितीची आहे, हे घरून निघतानाच पाहून ठेवावे.

नाटकाचे गणित त्यामानाने सोपे आहे: तिसऱ्या घंटेआधी खुर्चीत बसावे आणि मोबाईल बंद करावा. मात्र आदल्या रात्री ओरडून घसा बसला असेल, तर रांगेच्या कडेची खुर्ची घ्यावी, म्हणजे खोकल्याची उबळ येताच कोणाचे गुडघे न ओलांडता बाहेर पडता येते. मध्यंतरात बटाटावडा हवा असेल, तर पडदा पडताच उठावे.