गाडीचं अर्थिंग: बॅटरी, इंजिन आणि बॉडी नीट कशी जोडावी

सेल्फ (स्टार्टर मोटर) मारला की नुसतं 'टक्' होतं, हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा उगाच वर चढतो, इंडिकेटर दिला की मागचा भलताच दिवा लुकलुकतो. अशा वेळी नवी बॅटरी आणायच्या आधी अर्थिंग बघावं.

12 व्होल्टच्या गाडीत प्लसची वायर प्रत्येक दिव्यापर्यंत जाते, परतीचा रस्ता मात्र बहुतेक वेळा बॉडीचा पत्राच असतो. या परतीच्या जोडणीलाच अर्थिंग म्हणतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे पत्र्याशी त्याचा भरवशाचा संबंध नाही. म्हणून बॅटरी मायनस ते बॉडी, मायनस ते इंजिन किंवा गिअरबॉक्स आणि इंजिन ते बॉडी असे जोड असतात. काही गाड्यांत यातले दोनच दिसतील. तिन्ही ठिकाणं एकमेकांना जोडली गेली की पुरे. इंजिनची अर्थ वायर तुटली तर सेल्फचा करंट एक्सलेटर किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागली, तर आणखी पुरावा नको.

आधी मोजा

मल्टीमीटर ओहमवर लावून काही कळत नाही. जोडात 0.002 ओहम अडथळा साध्या मीटरला दिसत नाही, पण सेल्फ 150 अँपिअर ओढतो तेव्हा तिथेच 0.3 व्होल्ट खर्ची पडतात. वायरच्या दहा तारा तुटून एक उरली तरी ओहमवर सगळं ठीकच दिसतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि करंट वाहत असताना मोजा.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पेट्रोल गाडी असेल तर फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. मीटरचा एक प्रोब (वायरचं टोक) बॅटरीवर उभ्या असलेल्या मायनस खांबावर (त्याला पकडणाऱ्या क्लँपवर नव्हे), दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या माणसाने 3-4 सेकंद सेल्फ मारावा. आकडा 0.2 व्होल्टच्या आत हवा, 0.3 च्या वर गेला तर काम आहे. मग हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून खांब ते बॉडी मोजा. इथे 0.1 च्या आत.

जोड साफ करणं

मायनस आधी काढायचा, बसवताना शेवटी. उलट केलंत आणि प्लसवरचा पान्हा पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडालीच म्हणून समजा.

खांबावरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने काढा. पाणी सेलच्या झाकणांत जाऊ देऊ नका. पुसून कोरडं करा. बॉडीवर लग (वायरच्या टोकाची बोल्टच्या भोकाची चकती) बसते तेवढ्या गोलातला रंग आणि गंज 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा दिसू द्या. बहुतेक बिघाड इथेच सापडतो: डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत बोल्ट घट्ट असतो, पण लग रंगावर बसलेली असते. लगच्या मागची बाजूही घासा. स्टार (दातेरी) वॉशर घालून आवळा आणि मगच वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेमुळे हा शेवटचा हात सोडू नये. बॅटरीचे खांब शिशाचे असतात; क्लँप हाताने हलत नाही इतपतच आवळा.

वायर बदलायची असेल तर

आवरण फुगलेलं किंवा आतलं तांबं काळं पडलेलं असेल तर वायर टाकून द्या. मूळ वायरच्या जाडीपेक्षा कमी घेऊ नका. छोट्या पेट्रोल गाडीला मुख्य अर्थसाठी साधारण 25 चौरस मिमी तांब्याची वायर चालते, डिझेलला 35. घराच्या वायरिंगची वायर नको, बारीक तारांची लवचीक केबल घ्या. लग योग्य मापाच्या क्रिम्पिंग प्लायरने दाबलेली हवी. हातोडीने ठोकलेली लग काही महिन्यांत सैल होते. इंजिन हलतं, म्हणून त्याच्याकडे जाणाऱ्या वायरला थोडी ढील ठेवा आणि सायलेन्सरपासून लांब न्या. ब्रेक पाइप, पेट्रोलची नळी, सीट बेल्टचा बोल्ट यांवर अर्थ बांधू नका.

सगळं बसवून पुन्हा तीच मोजणी करा. आकडा तरीही जास्त असेल तर प्रोब एकेक जोड पुढे सरकवत न्या: खांब ते क्लँप, क्लँप ते लग, लग ते पत्रा. व्होल्ट जिथे एकदम वाढले, तोच जोड खराब.

स्टार्ट-स्टॉप गाडीत (थांबली की इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) मायनस क्लँपवर करंट मोजणारा छोटा काळा सेन्सर असतो. तिथे जादा अर्थ वायर किंवा जंपर केबल खांबाला नव्हे, बॉडीला लावा, नाहीतर त्या वायरमधून जाणारा करंट सेन्सरच्या हिशोबात येत नाही.