एएलएसच्या रुग्णाचं वजन कसं टिकवावं

मोटर न्यूरॉन डिसीजच्या (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याच्या आजाराच्या), म्हणजे बहुतेकदा एएलएसच्या रुग्णाला कोणी म्हणालं, "वा, बारीक झालात!" तर खूश होऊ नका. या आजारात वजन उतरणं चांगलं नाही. स्नायू झिजतात, चावणं-गिळणं जड जातं म्हणून पोटात कमी जातं, शिवाय बऱ्याच रुग्णांचं शरीर बसल्या जागीही नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा जाळतं. आधीपासून वजन जास्त असेल तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते कमी करायला जाऊ नका.

सुरुवात काट्यापासून करा. निदानाच्या वेळचं वजन वहीत लिहा आणि दर महिन्याला त्याच काट्यावर पुन्हा मोजा. उभं राहता येत नसेल तर भुसार दुकानातला पोती तोलायचा काटा कामाला येतो: आधी खुर्चीसकट वजन करायचं, मग नुसत्या खुर्चीचं, की झाली वजाबाकी. 60 किलोच्या माणसाचं वजन 3 किलोंनी उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

आता ताट. जास्त खायला लावू नका, आहे त्याच घासात जास्त कॅलरी घाला. चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम तुपात साधारण 45 कॅलरी असतात. मऊ भात-वरणावर असे तीन चमचे सोडले की घास न वाढवता सव्वाशेच्या वर कॅलरी जातात, आणि भात घशातून सहज उतरतो. लापशीत साय, शिकरणात सायीचं दूध, भाजीत शेंगदाण्याचं अगदी बारीक वाटलेलं कूट घाला. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर हे प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान खाणी बरी पडतात, कारण अर्ध्या तासाच्या पुढे जेवण गेलं की माणूस जेवूनच दमतो. रिल्युझोल (एएलएसची वाढ थोडी मंदावणारं औषध) चालू असेल तर त्याच्या वेळा सांभाळा: जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास.

कोरडी भाकरी, चिवडा, मुरमुरे बंद. दूध-पोह्यांसारखं अर्धं पातळ, अर्धं घट्ट खाणं तर फसवंच. दूध आधी घशात जातं आणि पोहे तोंडात राहतात. साध्या पाण्याचाच ठसका लागतो, याचं घरच्यांना नवल वाटतं. पण पातळ पदार्थ सगळ्यांत वेगाने घसरतो. असे पदार्थ किती घट्ट करून द्यायचे ते स्पीच थेरपिस्टकडून (बोलण्या-गिळण्याच्या तज्ज्ञाकडून) शिकून घ्या. जेवताना ताठ बसवा, टीव्ही बंद, गप्पा नंतर; जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल किंवा वारंवार ताप येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता आहे. बद्धकोष्ठासाठी इसबगोल मनाने देऊ नका, ते फुगून घशात अडकू शकतं.

पोटात नळी बसवण्याचा, म्हणजे पेगचा, विषय लवकर काढा. घरोघरी तो "अजून जेवतायत की" म्हणत पुढे ढकलला जातो. पण श्वासाची ताकद कमी झाल्यावर ही प्रक्रिया जोखमीची होते. म्हणून फुप्फुसांची क्षमता अपेक्षित मापाच्या 50 टक्क्यांखाली जाण्याआधी ती उरकावी, असा डॉक्टरांचा सहसा आग्रह असतो. नळी बसल्यावरही गिळणं सुरक्षित असेल तोवर तोंडाने खाता येतं. नळीतून काय, किती, कधी हे आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या. मिक्सरमधलं घरचं जेवण नीट गाळलं नाही तर नळी तुंबते, आणि दर वेळी आधी-नंतर पाणी सोडून ती धुवावीच लागते.