थंडीत रोहू-कटल्याला किती खाऊ घालायचं? इंदूर परिसरातल्या शेततळ्यांसाठी सल्ला

डिसेंबर लागला की माळव्यातल्या रात्री चांगल्याच गारठतात. तळ्याचं पाणी २० अंशांखाली गेलं की रोहू, कटला, मृगळ या तिन्ही माशांची भूक मंदावते. इंदूर, देवास, महूकडचे आपले बरेच शेतकरी मात्र पावसाळ्यातलंच माप चालू ठेवतात. मग न खाल्लेली पेंड तळाशी सडते आणि पाण्यातला प्राणवायू संपवते. पैसे गेले ते वेगळेच.

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं. तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूच्या खालच्या ओठाला बारीक झालर असते. तो मधल्या पाण्यात फिरतो, बांबूवर धरलेलं शेवाळही खरवडतो. मृगळ, म्हणजे आपल्या बाजारातला नरैन, तळातला कुजका पाला आणि गाळ चाळतो. ‘उरलंसुरलं नरैन खाईल’ या भरवशावर राहू नका, थंडीत तोही सुस्तावतो.

समजा तळ्यात सरासरी ४०० ग्रॅमचे ५०० मासे आहेत, म्हणजे २०० किलो. एरवी या वजनाच्या २ टक्क्यांनी रोज ४ किलो खाद्य लागतं. आता २ किलोवर या. दाट धुकं किंवा मावठ्याचं आभाळ असेल त्या दिवशी काहीच टाकू नका, मासा उपाशी मरत नाही. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड समभाग घ्या, धुतलेल्या गोणीला भोकं पाडून तीत भरा आणि गोणी बांबूला बांधून पाण्यात सोडा. वेळ ११ ते २, ऊन पाण्यात मुरल्यावर. दोन-तीन तासांनी गोणी उचलून बघा. निम्मं तसंच असेल तर उद्याचं माप आणखी कमी करा.

सोयाबीन घरचं आहे म्हणून कच्चं दळून घालू नका, ते माशाला पचत नाही, डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड, चालते. मोहाची पेंड मात्र तळ्याजवळसुद्धा नको. नको असलेले मासे मारायला वापरतात ती हीच.

तळ्यात टाकायच्या शेणखताचंही खाद्यासारखंच, माप आवरा. हात कोपरापर्यंत बुडवा. हिरव्या पाण्यात तळवा दिसेनासा झाला की खत थांबवा. अंगावर लाल चट्टे किंवा जखमा असलेला मासा दिसला तर खाद्य बंद ठेवून लगेच मत्स्य विभागाला दाखवा. माप पुन्हा वाढवायचं ते फेब्रुवारीत पाणी तापल्यावर, तेही आठवड्याला थोडं थोडं.