आजारपणात नोकरी सांभाळताना या चुका टाळा: राजीनाम्याचा कागद सगळ्यात शेवटी

चौदा वर्षं मी चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली. "तुमच्या तब्येतीसाठीच सांगतोय, पेपर टाकून मोकळे व्हा, बरे झालात की या परत" हे वाक्य बाजूच्या खुर्चीत बसून कितीदा ऐकलं त्याचा हिशेब नाही. दोन-तीनदा मीही म्हटलं. परत आलेला मात्र एकही आठवत नाही. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलेलं आहे असं समजा.

'आजारी आहे' एवढंच फोनवर सांगून थांबणं

सुपरवायझरला फोन केला, तो "बरं, बघ तब्येतीचं" म्हणाला, की आपल्याला वाटतं काम झालं. पण त्या फोनची नोंद कुठेच नसते. दहा-बारा दिवसांनी सुपरवायझर बदलतो, नाहीतर विसरतो, आणि हजेरीपटावर तुमच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत राहतात. मग पत्र निघतं: 'आपण न कळवता गैरहजर आहात, तीन दिवसांत हजर व्हा, अन्यथा आपण नोकरी सोडली असे समजण्यात येईल.' पुण्याच्या आयटीवाल्यांकडे यालाच 'अ‍ॅब्स्कॉण्डिंग'चं पत्र म्हणतात.

हे पत्र जातं कुठे? कंपनीकडे असलेल्या पत्त्यावर. म्हणजे तुम्ही बार्शीला आईकडे अंथरुणाला खिळलेले, आणि पत्र हिंजवडीच्या खोलीवर जाऊन परत येतं. परत आलेला लिफाफा कंपनी जपून ठेवते. पुढे तोच पुरावा म्हणून दाखवला जातो. म्हणून पहिल्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल करा. त्यात आजारी असल्याचं, डॉक्टरांनी किती दिवस विश्रांती सांगितली ते, आणि सध्या राहता तो पत्ता लिहा. सर्टिफिकेटचा फोटो जोडा. तुमचं काम ईमेलवर चालत नसेल तर स्पीड पोस्टने पत्र पाठवा आणि पावती ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप मेसेज काहीच नसण्यापेक्षा बरा, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. सर्टिफिकेटची मुदत वाढली की पुन्हा कळवा. बहुतेकांची चूक या दुसऱ्या खेपेलाच होते.

आणि तसं पत्र आलंच, तर घाबरून गप्प बसू नका, लेखी उत्तर द्या. आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर म्हणून नोकरी 'आपोआप' संपली, हा युक्तिवाद सुप्रीम कोर्टाने 1993 मध्येच डी. के. यादव खटल्यात नाकारला आहे. स्थायी आदेशात, म्हणजे कंपनीच्या नोकरीविषयक लेखी नियमांत, तसं लिहिलेलं असलं तरी माणसाला आपली बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. 2012 च्या कृष्णकांत परमार खटल्यात याच कोर्टाने म्हटलं की गैरहजेरी मुद्दाम केलेली आहे हे सिद्ध झाल्याशिवाय ती गैरवर्तन ठरत नाही, आणि हाताबाहेरच्या कारणांत आजारपण व इस्पितळात दाखल होणं यांचा नावाने उल्लेख केला. परमार सरकारी नोकर होते. खासगी नोकरीतही तुमच्या उत्तरात ही दोन नावं दिसली की समोरच्याचा सूर बदलतो, हे मी अनुभवलंय.

ईएसआयची कपात होते, पण तिचं काय मिळतं हे माहीत नसणं

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. ज्यांचा पगार महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत आहे त्यांच्या पगारातून तिच्यासाठी 0.75 टक्के जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. 18,000 पगारावर तुमचे 135 रुपये. लोक म्हणतात, "ईएसआय म्हणजे गोळ्या-औषधं, आणि तीही रांगेत उभं राहून." रांगेचं खरं आहे. पण आजारपणात घरी बसल्याचे रोख पैसे मिळतात, हे कितीतरी जणांच्या गावीही नसतं.

सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर ईएसआय डॉक्टरने प्रमाणित केलेल्या आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत रोजाच्या 70 टक्के रक्कम मिळते. आजाराचे पहिले दोन दिवस साधारणपणे धरत नाहीत. 18,000 म्हणजे रोज 600, त्याचे 70 टक्के 420. पूर्ण 91 दिवस मिळाले तर 38,000 च्या वर. क्षयरोग, कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणं अशा ठरलेल्या दीर्घ आजारांसाठी तर 80 टक्के दराने, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत पैसे मिळू शकतात. त्यासाठी दोन वर्षांची नोकरी आणि त्या काळात 156 दिवसांची वर्गणी लागते.

इथे तीन घोटाळे होतात. पहिला, खासगी डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन बसायचं. कंपनीच्या रजेला ते चालेल, पण ईएसआयच्या पैशांसाठी ईएसआयच्या दवाखान्याचं लागतं, आणि तेही पहिलं, मधली आणि शेवटचं अशी सलग साखळी. दुसरा, त्याच दिवसांची भरपगारी रजा टाकायची. ज्या दिवसाचा पगार मिळाला त्या दिवसाचे आजारपणाचे पैसे मिळत नाहीत. तेव्हा रजा आधी खर्चायची की ईएसआय आधी घ्यायचं, हा हिशेब कागदावर मांडून ठरवा.

तिसरा सगळ्यात वाईट, कारण तो कामसू माणसाकडून होतो.

सर्टिफिकेटवर असताना 'जमेल तेवढं' काम करणं

सलाइन लावलेल्या हाताने लॅपटॉप चालवणारे लोक मी पाहिलेत. "टीमवर लोड येतो हो." एका सुपरवायझरने तर डायलिसिसच्या खुर्चीवरून शिफ्टचं नियोजन केलं. पुढे त्याची कामगिरी कमी पडते म्हणून फाइल उघडली गेली, आणि फाइलमध्ये पुरावा कशाचा होता? त्याच महिन्यांतल्या त्याच्या अर्धवट राहिलेल्या कामाचा. रजेवर राहिला असता तर मोजायला कामच नसतं. शिवाय काम केलेल्या दिवसाचे ईएसआयचे पैसे बसत नाहीत ते वेगळंच.

कामाचा आग्रह फोनवर झाला, तर फोन ठेवल्यावर ईमेल टाका: 'आज आपण मला घरून काम करायला सांगितलंत. डॉक्टरांनी अमुक तारखेपर्यंत पूर्ण विश्रांती सांगितली आहे, सर्टिफिकेट जोडलं आहे.' भांडायची गरज नाही. पुढचा फोन सहसा येत नाही.

कायद्यात 'सिक लीव्ह' असणारच असं धरून चालणं

ऑफिसं, दुकानं, आयटी कंपन्या ज्याखाली येतात त्या 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची वेगळी रजा नाहीच. वर्षाला 8 दिवस किरकोळ रजा, आणि कामाच्या 20 दिवसांमागे 1 याप्रमाणे मिळणारी, 45 दिवसांपर्यंत साठवता येणारी भरपगारी रजा. बाकी जे मिळतं ते कंपनीच्या धोरणाने. म्हणून नेमणूकपत्र आणि रजेचं धोरण आजारी पडायच्या आधी वाचा, आणि धोरणाची पीडीएफ घरच्या मेलवर ठेवा. आजारपणात ऑफिसचं लॉगिन बंद झालेलं मी पाहिलंय. राज्य सरकारी नोकरांचं वेगळं, त्यांना अर्धवेतनी आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा (अर्धवेतनी रजा पूर्ण पगारी करून घेणं) आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तसं बांधलेलं आहे. खासगी नोकरीत एवढं भक्कम छत्र नाही, हे मान्य करूनच पुढची पावलं टाकावी लागतात.

राजीनामा

आता मूळ दुखणं. राजीनाम्याने काय काय जातं ते लोकांना सही झाल्यावर कळतं.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कंपनीने सगळ्यांचा मिळून काढलेला आरोग्य विमा, नोकरीबरोबर संपतो. केमोच्या तिसऱ्या फेरीत असलेल्या माणसाला बाहेर नवी पॉलिसी कोण देणार? निघायचंच असेल तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज शेवटच्या दिवसाच्या आधी करा, नंतर नाही.

ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांना, कायम नोकरीत पाच वर्षं लागतात हे सगळ्यांना पाठ असतं. पण अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ही पाच वर्षांची अट नसते, आणि इथे अपंगत्वाचा अर्थ हात-पाय गमावणं एवढाच नाही. आजारामुळे किंवा अपघातामुळे आधी करत होतात ते काम करण्याची क्षमता राहिली नाही, की ते अपंगत्व. आता विचार करा, साडेतीन वर्षं नोकरी झालेल्या माणसाने राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहून दिलं तर? नोकरी आजारामुळे संपली हे कागदावर उरतच नाही. आणि हे शब्द एचआरवाले स्वतःच सुचवतात. मीही सुचवले आहेत.

पीएफच्या पेन्शन योजनेत नोकरीत असताना कायमचं, पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांची अट न लावता पेन्शन मिळू शकते. नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसाला 7 लाखांपर्यंत विमा असतो. दोन्हीकडे 'नोकरीत असताना' हे शब्द आहेत. उपचाराला पैसे हवेत म्हणून राजीनामा देणारेही भेटले. पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम नोकरीत राहूनच काढता येते.

तेव्हा केबिनमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला तर म्हणा, "घरी विचारून सांगतो." तिथे सही करू नका. त्याऐवजी बिनपगारी रजेचा, किंवा डॉक्टरांच्या शिफारशीसह हलक्या कामाचा लेखी अर्ज द्या. दबावाखाली सही झालीच असेल, तर त्याच दिवशी ईमेलने कळवा की राजीनामा स्वेच्छेने दिलेला नाही आणि मागे घेत आहे. महिनाभराने हे लिहिलं तर कोणी मानत नाही. मग सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय गाठा. 'तुम्ही मॅनेजर आहात, कामगार नाही' असं ऐकवलं जाईल, पण पदाच्या नावावरून ते ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना, दिव्यांगांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो.

बरं झाल्यावर नुसतंच गेटवर जाणं

फिटनेस सर्टिफिकेट घेऊन गेलात आणि "साहेब आल्यावर बघू" म्हणून सिक्युरिटीने परत पाठवलं, तर गेटबाहेरच्या टपरीवर चहा घ्या आणि तिथूनच मोबाइलवर ईमेल करा: 'आज सकाळी सातच्या शिफ्टला फिटनेससह रुजू होण्यासाठी आलो होतो, आत घेतलं नाही.' दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, पुन्हा लिहा.