त्वचारोग ओळखायला शिकवताय? या चुका टाळा

स्किनची पोस्टिंग (त्वचारोग विभागातली शिकायची पाळी) म्हणजे आरामाची पोस्टिंग असं एमबीबीएसच्या मुलांना वाटतं, कारण सगळं तर समोर दिसतंय, नुसतं बघायचं आणि नाव सांगायचं. मी धुळे-जळगाव पट्ट्यात बरीच वर्षं ही क्लिनिक, म्हणजे पेशंट दाखवून शिकवायचे तास, घेतोय आणि मुलं कुठं अडकतात ते रोज बघतो, आणि त्यातल्या बऱ्याच चुका मुलांच्या नसतात, आपल्या शिकवणाऱ्यांच्या असतात म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी गोष्ट रंगाची. आपल्या पीपीटीतले अर्ध्याहून जास्त फोटो गोऱ्या कातडीचे असतात. त्यात सोरायसिस (कातडीवर खवल्यांचे चट्टे येणारा रोग) लालभडक आणि वर चांदीसारखे खवले, एकदम स्पष्ट. स्लाइडवर लगेच ओळखणारी एक हुशार मुलगी ओपीडीत यावलकडच्या केळीच्या बागेत काम करणाऱ्या माणसाच्या कोपरावरचा चट्टा बघून म्हणाली, सर हे सोरायसिस नाही, लाल कुठंय? बरोबरच होतं तिचं, लाल नव्हतंच. सावळ्या-काळ्या कातडीवर ती लाली जांभळट, तपकिरी नाहीतर राखाडी दिसते आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग काचेच्या स्लाइडच्या कडेने तो चट्टा हलकेच खरवडला, पांढरे खवले सुटायला लागले तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेव्हापासून मी पहिल्या दिवशी "लाल" हा शब्दच वापरू देत नाही, शेजारच्या चांगल्या कातडीपेक्षा रंग कसा वेगळा आहे ते सांगा म्हणतो. हात लावून गरम लागतंय का, घट्ट लागतंय का तेही बघायला लावतो. आणि काच दाबून बघा, रंग गेला तर रक्तवाहिन्या फुगल्यात, नाही गेला तर रक्त कातडीत उतरलंय, ही युक्ती कोणत्याही रंगावर चालते पण काळ्या कातडीवर बारकाईने बघावं लागतं.

दुसरं म्हणजे "सांग, काय आहे हे?" असं विचारायची घाई. मुलगा नाव फेकतो, बरोबर आलं की शाब्बास, चुकलं की पुढचा. यातून तो बघायला शिकत नाही, अंदाज मारायला शिकतो. त्यापेक्षा दोघांना पाठीला पाठ लावून बसवा, एकाने फोटो बघून वर्णन करायचं, सपाट की उंच, कडा कशी, मध्ये साफ आहे का, खवले आहेत का, अंगावर कुठं कुठं आहे, आणि दुसऱ्याने ऐकून कागदावर काढायचं. चित्र चुकलं की वर्णनात काय राहिलं ते दोघांना आपोआप कळतं. नाव शेवटी.

आता पांढऱ्या चट्ट्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथे चूक झाली तर माणसाचं नुकसान होतं. आपण आज फंगल (बुरशीचे रोग), उद्या कोड, परवा कुष्ठरोग असं धड्याप्रमाणे शिकवतो, त्यामुळे आज जे दिसेल ते फंगलच हे मुलांना आधीच माहीत असतं. सगळे पांढरे चट्टे एकाच दिवशी शेजारी शेजारी ठेवून दाखवा. कोड दुधासारखं पांढरं, कधी कधी त्यावरचे केससुद्धा पांढरे. शिबं (हे फंगलच) असतील तर नखाने खरवडल्यावर बारीक कोंडा निघतो. लहान पोराच्या गालावरचे फिकट, कोरडे, कडा नसलेले डाग म्हणजे बहुतेकदा पिटिरियासिस अल्बा, कोड नव्हे, आई मात्र कोड समजून रडत आलेली असते. आणि कुष्ठरोगाचा चट्टा पूर्ण पांढरा कधीच नसतो, फिकट असतो, आणि पेशंट स्वतः अहिराणीत सांगतो, "चट्टा शे पण खाजत नही, दुखत नही." हे वाक्य ऐकलं की मुलांचे कान उभे राहिले पाहिजेत. डोळे मिटायला सांगून कापसाचा स्पर्श कळतो का तपासा, कोपरामागची नस (मज्जातंतू) चाचपा. चेहऱ्यावर संवेदना शाबूत असू शकते म्हणून तेवढ्यावर सोडून देऊ नका. 2005 अखेर देशात कुष्ठरोग दर 10,000 लोकांमागे 1 च्या खाली आला आणि निर्मूलन जाहीर झालं, तर मुलांना वाटतं रोग संपला. संपलेला नाही.

मग ते स्टेरॉइडच्या ट्यूबचं. पुस्तकातलं गजकर्ण गोल, कडेला उंच, मध्ये साफ. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा 45 ला टेकतो, घाम, घट्ट कपडे, आणि पेशंट येण्याआधी मेडिकलवरून स्टेरॉइड मिसळलेलं मिक्स क्रीम घेऊन महिनाभर चोळून आलेला असतो, मग कडा गायब, आकार वेडावाकडा, मुलं म्हणतात इसब. 2018 ला लावायची 14 स्टेरॉइड शेड्यूल एच मध्ये (डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत) टाकली तरी ट्यूबा हातोहात मिळतात. म्हणून असे बिघडलेले नमुने मुद्दाम दाखवा, "काय काय लावलं?" हा प्रश्न आधी, ट्यूब पिशवीतून काढायला लावा, आणि शंका आली तर कडेचे खवले घेऊन 10 टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकून मायक्रोस्कोपखाली बघा.

फक्त दाखवलं तेवढंच बघणं ही अजून एक. "रातले भलती खाज येस" म्हणणाऱ्याचा नुसता हात बघून पाठवू नका, बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर, बेंबी सगळं बघा, तान्ह्या बाळाचे तळहात-तळपाय बघा आणि घरात अजून कोण खाजवतंय ते विचारा, खरूज एकट्याला होत नाही. पडदा ओढा, बाईपेशंट असेल तर सिस्टरला बोलवा, आणि ट्यूबलाइटपेक्षा खिडकीजवळ बघा.

बिब्बा, म्हणजे दुखऱ्या जागी ज्याचा रस लावतात ते रानफळ, तर शहरातून आलेल्या मुलांना माहीतच नसतो. गुडघा दुखतो म्हणून लावलेला, काळा पडलेला ठिपका, भोवती पाणी भरलेले फोड आणि खाज, आणि रस ओघळला तिथे रेघ. असली रेघोटी बाहेरून काहीतरी लागल्याची खूण असते, मग बिब्बा लावला का म्हणून सरळ विचारायचं.

आणि बरं झालेलं दाखवायला आपण पूर्ण विसरतो. परवानगी घेऊन, चेहरा झाकून, त्याच पेशंटचा महिन्याने परत फोटो घ्या. आपल्या कातडीवर रोग गेल्यावर काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, मुलांना तो रोगच वाटतो आणि ती औषध वाढवून देतात. डागावर हात फिरवायला सांगा, खवले नाहीत, उंचवटा नाही, खाज नाही, म्हणजे तो नुसता डाग आहे, आणि पेशंटला तसं सांगायचं कामही त्याच मुलाकडून करून घ्या.