स्टोअर्ड प्रोसिजर चुकते तेव्हा

खानापूर किंवा निपाणीच्या एखाद्या पतसंस्थेत व्याज आकारणीची स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला आदेशांचा संच, अर्ध्यावर थांबली, तर लगेच कोडला हात लावू नये. आधी त्रुटीचा क्रमांक, प्रोसिजरचे नाव आणि ओळ टिपून घ्यावी. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीत त्रुटी आल्यावर चालणाऱ्या कॅच विभागात एरर_नंबर, एरर_प्रोसिजर आणि एरर_लाइन ही फंक्शने नेमके तेच सांगतात. ती ओळ आपल्याजवळच्या जुन्या फाइलीत शोधू नये, तर एसपी_हेल्पटेक्स्ट या आदेशाने प्रोसिजरचा सर्व्हरवरचा मजकूर काढून त्यात शोधावी, कारण मध्यंतरी कोणीतरी परस्पर दुरुस्ती केलेली असू शकते. कॅच विभाग रिकामा ठेवणे हा माझ्या मते सर्वांत मोठा प्रमाद आहे. व्यवहार रोलबॅक करून, म्हणजे अर्धवट झालेले बदल मागे घेऊन, २०१२ च्या आवृत्तीपासून मिळणाऱ्या थ्रो या आदेशाने त्रुटी पुढे पाठवावी.

त्रुटी २६२७ म्हणजे दुबार की (एकमेव असायला हवे ते मूल्य पुन्हा भरले जाणे), आणि १२०५ म्हणजे डेडलॉक (दोन व्यवहार एकमेकांसाठी अडकून पडणे). डेडलॉकमध्ये प्रोसिजर पुन्हा चालवल्यास बहुधा काम होते. ८१५२ म्हणजे मजकूर रकान्यात मावला नाही. देवनागरीत ही त्रुटी अनपेक्षितपणे येते, कारण मात्रा आणि हलन्त यांची वेगळी मोजणी होते: ‘कृष्णा’ दोन अक्षरांचे दिसले तरी त्याची लांबी सहा भरते.

खरा त्रास होतो तो त्रुटीच न देणाऱ्या चुकांचा. एनव्हारचार, म्हणजे युनिकोड मजकुराच्या प्रकारातील पॅरामीटरची लांबी लिहायची राहिली, तर ती एक धरली जाते आणि ‘बेळगाव’चा केवळ ‘ब’ उरतो, एकारसुद्धा गळतो. मजकुराच्या अवतरणचिन्हापूर्वी युनिकोड दर्शवणारे एन हे अक्षर लावले नाही, तर मराठी असो वा कन्नड, नावाच्या जागी सहसा प्रश्नचिन्हे साठतात आणि मूळ मजकूर तेथून परत मिळत नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगाव शहराचे इंग्रजी नाव बेलगाम ऐवजी बेळगावी झाले. त्यामुळे जुन्या नोंदी नव्या नावाने शोधणाऱ्या अटीला एकही ओळ सापडत नाही आणि प्रोसिजर मात्र बिनतक्रार पूर्ण होते.

याहून घातक प्रकार लूपमध्ये, म्हणजे एकेका खात्यासाठी तेच आदेश पुन्हा पुन्हा चालवताना घडतो. सिलेक्ट या आदेशाने टेबलातून व्हेरिएबलमध्ये मूल्य घेताना ओळ सापडली नाही, तर आधीचे मूल्य तसेच राहते, म्हणजे मागच्या खातेदाराचा व्याजदर पुढच्याला लागतो. म्हणून प्रत्येक फेरीच्या आरंभी व्हेरिएबल नल (रिकामे) करावे, सिलेक्टनंतर लगेच रोकाउंट, म्हणजे सापडलेल्या ओळींचा आकडा, तपासावा आणि तो शून्य आल्यास त्या खात्याचा क्रमांक वेगळ्या टेबलात नोंदवून पुढे जावे.